म्हैस व्याली की डबा देते

इमरान आतारला कुणालाही नाही म्हणता यायचं नाही. कोंढव्यातल्या त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा तो असाच झाला. मीटिंगमध्ये "कोण होतंय?" असं विचारल्याबरोबर बाकीचे सगळे माना खाली घालून मोबाईल बघायला लागले आणि हा भला माणूस एकटाच वर बघत राहिला. तेव्हापासून टाकीतलं पाणी संपलं, लिफ्ट अडकली, तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्यानं चौथ्या मजल्यावरची चप्पल पळवली, की बेल यांच्याच दारात वाजायची. नोकरीही तसलीच होती, फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घेण्याची. भीड भिकेची बहीण म्हणतात. ती बहीण इमरानच्या घरी कायमची माहेरपणाला आलेली होती.

त्याची बायको नबीला अगदी उलट. निदान तिचं स्वतःबद्दल तसं मत होतं. ती शाळेत गणित शिकवायची आणि रिक्षावाला, बँकवाला आणि नवरा या तिघांशी एकाच आवाजात बोलायची.

दोघांनाही छंद होते. आठवडाभर राबल्यावर माणसानं रविवारी गपचूप झोपावं, पण हल्ली छंद नसेल तर लोक तब्येत विचारतात. इमरानला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. हातभर लांब लेन्स घेऊन तो पहाटेच गाडी काढायचा, चेलाडी फाट्यावरून वळून राजगडाखालच्या गुंजवण्याला जायचा, धरणाच्या कडेनं पोटावर सरपटायचा आणि संध्याकाळी लॅपटॉपवर दाखवायचा की ही फांदी बघ, हिच्यावर आत्ता खंड्या बसला होता. नबीलानं त्या फोल्डरला 'फांद्या' असं नाव देऊन टाकलं होतं. तिचा स्वतःचा नाद ओव्हनचा. नानकटाईत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. फक्त ओव्हन चालू असताना कुणी गीझर लावला की अख्खा फ्लॅट अंधारात जायचा, त्यामुळे रविवारी या घरात आंघोळ किंवा नानकटाई, दोन्हीपैकी एकच मिळायचं.

तर अशाच एका रविवारी, भात लोंबीला आलं होतं तेव्हा, इमरान एका बगळ्याच्या मागे लागून खाचरात घसरला. गुडघ्याएवढ्या चिखलातून त्याला गेनबा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ओढून काढलं. घरी नेलं. गेनबांच्या बायकोनं, अंबूबाईंनी, पाय धुवायला पाणी दिलं, वर चहा दिला. आता एवढं झाल्यावर माणूस आपल्याजवळचं काहीतरी पुढे करणारच. इमराननं पिशवीतून नानकटाईचा डबा काढला. अंबूबाईंची नातवंडं त्या डब्याभोवती जी बसली ती उठेनात. अंबूबाई म्हणत होत्या की थांबा, परातीत काढून घेते आणि डबा देते. तेवढं जर त्यानं करू दिलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण समोरच्याला उठवायचं म्हणजे याला संकोच. तो म्हणाला, "असू द्या, पुढच्या रविवारी नेतो."

घरी आल्यावर नबीलानं पिशवी उलटी केली, झटकली आणि डबा कुठे आहे असं विचारलं. इमराननं बगळ्यापासून सुरुवात केली. ती बगळ्यापाशी थांबली नाही.

डबा तिच्या अम्मीचा होता. जुन्या काळच्या जाड स्टीलचा, झाकणाला कडी असलेला. अम्मी, म्हणजे हलिमाबी, भोरला एकट्याच राहायच्या. त्यांनी मागच्या खेपेला घाईघाईत त्यातून डिंकाचे लाडू दिले आणि देतानाच बजावलं की लाडू संपले की डबा तेवढा परत आण. तेव्हापासून प्रत्येक फोनच्या शेवटी डबा यायचा. बरं, हलिमाबी काही वस्तूंत जीव अडकवणाऱ्या नव्हत्या. त्यांची सोन्याची बांगडी नबीलाच्या कपाटात कधीपासून पडून होती, तिचं नावही त्यांनी काढलं नव्हतं. आयुष्यात कुणाकडे काही न मागणारी बाई एक डबा मागते आहे, म्हणजे त्यात काहीतरी आहे, हे नबीलाला कळत होतं. आणि ती आईला सांगून बसली होती की डबा फडताळात घासून ठेवलाय.

पुढच्या रविवारी इमरान कॅमेरा न घेता गेला. दुपारी परत आला तो हातात एक भलीमोठी पावसाळी काकडी घेऊन.

"आणि डबा?"

डबा होता, त्यानं स्वतः पाहिला होता, फळीवर पालथा घातलेला, लखलखीत. पण अंबूबाईंनी त्याला हात लावू दिला नव्हता. रिकामा डबा दारातून बाहेर जात नसतो, असं त्यांचं म्हणणं. भात झोडलं की इंद्रायणी तांदूळ घालून देते म्हणाल्या. तोवर रिकाम्या हातानं जाऊ नका म्हणून काकडी. नबीलानं विचारलं की मग तू सांगितलं का नाहीस, आम्हाला तांदूळ नको, डबाच हवाय. इमरान म्हणाला, कसं सांगायचं? यावर नबीलानं ती काकडी ज्या पद्धतीनं कापली, ती बघून तो सोसायटीचं काहीतरी काम काढून खाली गेला.

त्याच्या पुढच्या रविवारी ती स्वतः निघाली. गाडीत तिनं वाक्य पाठ केलं होतं. मावशी, डबा माझ्या आईचा आहे, तिला तातडीनं हवाय, रिकामा चालेल. तीन तुकड्यांचं, स्वच्छ, गणितासारखं वाक्य. साखर गाव ओलांडेपर्यंत तिनं ते दोनदा म्हणूनही दाखवलं.

अंबूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. या म्हाताऱ्या बाईला नबीला आवडली, आणि ती बघताक्षणी आवडली. नानकटाई हिनंच केली हे कळल्यावर तर अंबूबाईंनी शेजारणीला हाक मारून दाखवली. मग तिला हाताला धरून गोठ्यात नेलं. तिथं एक काळीभोर म्हैस पोट फुगवून उभी होती.

"तांदळाचं काय, तुमाला पुण्यात बी मिळंल," अंबूबाई म्हणाल्या. "ही आता व्याली की पैल्या चिकाचा खरवस करते आन् तुजा डबा भरून देते. असा खरवस तुमी खाल्ला नसंल. तवर डबा माज्याकडं सुखरूप हाये. काय?"

इमराननं आशेनं बायकोकडे बघितलं. नबीलानं म्हशीकडे बघितलं, अंबूबाईंकडे बघितलं.

"चालेल ना मावशी," ती म्हणाली.

परतताना मार्गासनीच्या पुढे आल्यावर इमराननं फक्त एवढंच विचारलं की ते तीन तुकड्यांचं वाक्य कुठे गेलं. नबीला म्हणाली, समोर बघून गाडी चालव.

मग सुरू झालं म्हशीची वाट बघणं. पुण्यातल्या सुशिक्षित जोडप्यानं एका म्हशीच्या बाळंतपणासाठी एवढं झुरावं, हे वेल्हे तालुक्यातल्या इतर म्हशींना कळलं असतं तर त्यांना मत्सरच वाटला असता. गेनबा म्हणाले होते, दिवाळी झाली की व्यायल. दिवाळी झाली. म्हैस मजेत होती. मग म्हणाले, अवसेच्या मागंपुढं. अवसही गेली. इमरान जेवणाच्या सुट्टीत गेनबांना फोन करून कास उतरली का विचारायचा आणि शेजारच्या टेबलावरचे लोक घास हातात धरून ऐकायचे. नबीलानं गाभण म्हशींवरचे व्हिडिओ बघून बघून मोबाईलचं डोकं असं फिरवलं की त्यावर सारख्या पेंडीच्या जाहिराती यायला लागल्या. दर रविवारी दोघं गुंजवण्याला जायची, आंबेमोहराचा भात आणि पिठलं खायची, म्हशीला थापटायची आणि परत यायची. जाताना नबीला नानकटाई न्यायची, अर्थात पुठ्ठ्याच्या खोक्यात. एवढी अक्कल आली होती. येताना कधी दुधी, कधी वालाच्या शेंगा, कधी हरभऱ्याची भाजी. या काळात इमराननं म्हशीचे फोटो काढले आणि ते एकूण एक नीट आले, कारण ती उडाली नाही.

गंमत बाजूला, नबीलाला रात्री झोप लागेना. आईशी ती जन्मात खोटं बोललेली नव्हती. आता प्रत्येक फोनवर एक खोटं लागायचं. येताना विसरले. कार सर्व्हिसिंगला आहे. शाळेत परीक्षा आहेत. हलिमाबींनी एकदा अगदी हळू आवाजात विचारलं, "हरवला का गं?" नबीला नाही म्हणाली आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडली. इमराननं ते ऐकलं. त्याला स्वतःचा मनापासून राग आला. एका म्हाताऱ्या बाईला 'डबा द्या' म्हणता येत नाही म्हणून दुसऱ्या म्हाताऱ्या बाईला आपण छळतोय, हे त्याला कळत होतं. पण कळतं ते वळत कुठं होतं!

थंडीत एका सकाळी गेनबांचा फोन आला. पहाटे म्हैस व्याली होती, पारडी झाली होती, दोघी खुशाल होत्या. इमराननं ऑफिसात सांगितलं की घरात बाळंतपण आहे. ते ढोबळमानानं खरंच होतं. नबीलानं शाळेत आजारी असल्याचं कळवलं.

ते पोचले तेव्हा चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात, तोच कडीचा डबा बसला होता. आत चीक, गूळ आणि वेलची. अंबूबाईंनी झाकण काढून सुरी घालून दाखवली. सुरी स्वच्छ निघाली. डब्याची लकाकी मात्र गेली होती. धुरानं एक बाजू काळवंडली होती आणि बुडाला एक पोचा आला होता. अंबूबाईंनी तो फडक्यात बांधून नबीलाच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या की आता माझ्या जिवाला बरं वाटलं, तुमचा डबा घरात होता तोवर मला रोज टोचायचं.

तिथून ते पुण्याला गेलेच नाहीत. गाडी सरळ भोरच्या रस्त्याला लागली. गाडीभर वेलचीचा वास सुटला होता. इमरानच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. एकच चमचा, असं त्यानं सुचवून बघितलं. नबीला म्हणाली की आधी अम्मीला सगळं खरं सांगायचं, मग खायचं.

हलिमाबी दारातच बसल्या होत्या. नबीलानं पायरी चढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. डबा फडताळात नव्हता, कधीच नव्हता, मी खोटं बोलले, इमराननं तो गुंजवण्यात सोडला, अंबूबाई रिकामा देईनात, म्हैस व्यायला तयार नव्हती, आणि आता हा असा काळा होऊन आलाय, पोचाही आलाय, माफ कर. सगळं एका दमात. इमरान मागे उभा राहून योग्य ठिकाणी मान हलवत होता.

हलिमाबींनी फडकं सोडलं. काळवंडलेल्या बाजूकडे त्यांनी बघितलंही नाही. झाकण उघडलं, वास घेतला आणि कडी परत लावून टाकली.

"पैल्या चिकाचा?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या," इमरान म्हणाला.

"मग चला. आंबवड्याला जायचंय."

दोघांनाही काही कळेना. हलिमाबी आत जाऊन ओढणी बदलून आल्या, दाराला कुलूप लावलं आणि डबा घेऊन गाडीत मागे बसल्या. गाडी आंबवड्याच्या रस्त्याला लागल्यावर मग त्यांनी सांगितलं. डबा त्यांचा नव्हताच. तो नूतनचा होता.

नूतनकाकू नबीलाला आठवत होत्या. भोरमध्ये भिंतीला भिंत लागून घर. दोघींचं पीठ एका चाळणीनं चाळलं जायचं, एकीच्या घरचा कुकर दुसरी बंद करायची. नवरा नोकरीतून मोकळा झाल्यावर नूतनकाकू त्यांच्या गावी, आंबवड्याला, राहायला गेल्या. जायच्या आधीच्या होळीला त्यांनी या डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. हलिमाबींनी ठरवलं होतं की ईदला शेवया घालून डबा परत करू. त्याच ईदला नबीलाचे अब्बा दवाखान्यात होते. मग ते गेले. त्या वर्षी घरात गोड काही झालंच नाही. पुढच्या वर्षी वाटलं, एवढ्या उशिरा नुसत्या शेवया कशा द्यायच्या? त्यांच्यासोबत एखादी साडी घेऊ. साडी घ्यायची राहिली. मग वाटलं, आता साडीही कमीच. जितके दिवस लांबत गेले तितका तो डबा भरायला अवघड होत गेला. शेवटी शेवटी तर हलिमाबींना नूतनसमोर जायचीच लाज वाटायला लागली.

"बाजाराच्या दिवशी ती दिसली की मी दुसऱ्या आळीनं जाते," त्या म्हणाल्या. "दहा मैलांवर राहते, पण तिचं तोंड बघून किती वर्षं झाली बघ. डबा तुझ्याकडं गेला नि मला धसकाच बसला. म्हटलं, आता तर द्यायला डबाबी न्हाई. पण खरवस म्हणजे जीव तिचा. तिच्या घरी आता जनावर न्हाई. आज मला तोंड हाये जायला."

नबीला मागे वळून आईकडे बघत राहिली. इमराननं आरसा सरळ केला आणि उगाचच हॉर्न वाजवला.

नूतनकाकू अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. गाडी थांबली, हलिमाबी उतरल्या. काकूंनी मान वर केली, क्षणभर बघितलं, आणि मेथीची जुडी तिथंच टाकून घरात पळाल्या.

हलिमाबींचा चेहरा एकदम उतरला. डबा छातीशी धरून त्या तिथंच उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की चला परत, तिला माझं तोंड बघायचं नाहीये. इमरानला वाटलं, आपणच पुढे होऊन काहीतरी बोलावं, पण असल्या प्रसंगी काय बोलायचं असतं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. घरातून फळीवरची भांडी पडल्याचा मोठा आवाज आला.

मग नूतनकाकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक तांब्याचं, कल्हईचं पातेलं होतं.

"कुठल्या तोंडानं येऊ गं तुज्याकडं?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटत होता. "आमचा टेम्पो निघाला त्या दिवशी बिर्याणी दिली व्हतीस ह्यात. भाईसाब गेले तवा दारात आले नि माघारी फिरले. म्हटलं, दुःखाच्या घरी जायाचं, नि तिचं पातेलं रिकामं कसं न्यायाचं. मग ऱ्हाईलंच बघ. येष्टीतनं तू दिसलीस तरी मी खाली वाकायची."

हलिमाबींनी हातातला डबा पुढे केला. नूतनकाकूंनी तो ओळखलाच नाही. त्यांना वाटलं हलिमाबींचाच आहे. आपला एक डबा तिकडे राहिलाय, हे त्या केव्हाच विसरून गेल्या होत्या. त्यांना फक्त पातेलं आठवत होतं. हे समजल्यावर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग दोघींना एकाच वेळी असं हसू फुटलं की हसता हसता त्या पायरीवर बसल्या आणि तिथंच रडायला लागल्या. नबीला त्यांच्यात जाऊन बसली. इमरान निवडलेली मेथी आणि न निवडलेली मेथी वेगळी करत बसला, कारण कुणीतरी काहीतरी करणं भाग होतं.

खरवस सगळ्यांनी मिळून खाल्ला. महिनोन् महिने ज्याची वाट बघितली तो घास इमरानला शेवटी मिळाला आणि तो खरंच तसा होता. दोघी म्हाताऱ्यांनी तेवढ्या वेळात सगळ्या राहिलेल्या वर्षांचा फडशा पाडला. कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, कुणाचे गुडघे बदलले. ऊन उतरलं तेव्हा कुठे हलिमाबी उठल्या.

निघताना पातेलं त्यांच्या हातात यायला हवं होतं. नूतनकाकूंनी ते हातात घेतलंही, आणि मग त्या थबकल्या. घरात पुरणाचं काही नव्हतं. त्या म्हणाल्या, असं कर, हे आठ दिवस राहू दे माझ्याकडं, पोळ्या करते आणि मग...

"रिकामंच दे," हलिमाबी म्हणाल्या. "ऐक माझं. आता वाट बघायचं वय ऱ्हायलंय का आपलं? तुला वाटलं की तू ये, मला वाटलं की मी येते. भांड्याला मधी घेऊ नको."

नूतनकाकू पातेलं घेऊन आत गेल्या आणि लगेच परत आल्या. तळाशी चिमूटभर साखर होती.

घरात काही नसलं तर चिमूटभर साखर टाकावी, चार तांदळाचे दाणे टाकावेत, भांड्याचा मान राहतो. हे या मुलखात लहान पोरीलाही ठाऊक असतं. हलिमाबींना इतकी वर्षं ठाऊक होतं आणि नूतनकाकूंनाही. पण समोरची बाई चिमटीत मावेल एवढ्यावर भागवण्याजोगी नाही, असं दोघींनाही वाटत होतं. इमरानला ते कळलं तेव्हा तो गाडी काढायला निघून गेला.

नबीला म्हणाली की पातेलं मागे डिकीत ठेवू. हलिमाबींनी ते दिलं नाही. भोर येईपर्यंत त्या ते मांडीवर धरून बसल्या होत्या. वाटेत त्यांनी बोट ओलं करून तळाची साखर टिपली आणि खाल्ली, सगळी.

"इमरान," त्या म्हणाल्या, "येत्या रविवारी मला पुन्हा सोडशील का तिच्याकडं? बरोबर काही न्यायचं न्हाई. हात हलवत जायचं."